जुना व्यावसायिक रिपीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन. जीएमआरएससाठी (अमेरिकेतली परवाना लागणारी वैयक्तिक रेडिओसेवा) मी मोटोरोला-केनवुडचा जुना रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा पाठवणारं यंत्र) सुचवणं म्हणजे अमेरिकेत नुकताच परवाना काढलेल्याच्या गळ्यात भंगार मारणं, कारण तेवढ्याच पैशांत ड्युप्लेक्सरसकट (एकाच अँटेनावर एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं शक्य करणारा फिल्टर) नवा चिनी संच येतो. आणि पार्ट ९०चं (अमेरिकी रेडिओ नियमांतला व्यावसायिक रेडिओंचा भाग) यंत्र जीएमआरएसवर चालवणं बेकायदा आहे.

दुसऱ्यात तथ्य आहे. जीएमआरएसच्या ट्रान्समीटरला पार्ट ९५खालचं (वैयक्तिक रेडिओसेवांचा भाग) प्रमाणन लागतंच. मात्र काही व्यावसायिक यंत्रं दोन्ही भागांखाली प्रमाणित आहेत. विक्रेत्याकडून मागच्या पट्टीचा फोटो मागवा, त्यावरचा एफसीसी आयडी एफसीसीच्या (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) संकेतस्थळावर शोधा आणि नियमांच्या रकान्यात ९५ आहे का पाहा. नसेल तर सौदा सोडा. ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर होऊ शकत नाही.

‘भंगार’ मात्र मान्य नाही. १ जानेवारी २०१३पासून पार्ट ९०च्या परवानाधारकांना १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर जावं लागलं, तेव्हा कितीतरी धडधाकट वाइडबँड (रुंद चॅनेलची) यंत्रं केवळ नियमामुळे उतरवली गेली. जीएमआरएसच्या रिपीटर चॅनेलवर २० किलोहर्ट्झ बँडविड्थ आजही चालते.

आता मुख्य मुद्दा. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती; दर १० डीबीला दहापट). रिसीव्हरला ऐकायचा असतो ०.२५ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे सुमारे −११९ डीबीएमचा सिग्नल, आणि तोही त्याच अँटेनावर, त्याच क्षणी, फक्त ५ मेगाहर्ट्झ पलीकडे. फरक १६६ डीबी. चांगला नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी कापणारा) ड्युप्लेक्सर त्यातले ८०च्या आसपास सांभाळतो. तरीही −३३ डीबीएमचा मारा रिसीव्हरवर होतच राहतो. तो पचवायला पुढचे फिल्टर मजबूत लागतात, ट्रान्समीटरचा स्वतःचा नॉइज कमी लागतो आणि दोघांमध्ये पक्कं शिल्डिंग लागतं. जुन्या यंत्रात पैसे मोजायचे ते यासाठी. एका डब्यात गाडीत बसवायचे दोन मोबाइल रेडिओ कोंबले की हे साधत नाही, मग डबा नवा असो वा जुना.

घेताना बँड स्प्लिट (यंत्र ज्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात चालतं तो) आधी बघा. केनवुड टीकेआर-८५० हा ४५०–४८० मेगाहर्ट्झचा हवा, ४८०–५१२चा स्वस्त मिळाला तरी निरुपयोगी. मोटोरोला क्वांटारमध्ये आर२, म्हणजे ४३८–४७०. प्रोग्रॅमिंगची केबल आणि सॉफ्टवेअर हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. आवाजात गुणगुण असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत का ते तपासा. पॉवर २५ वॅटवर आणा. जातात फक्त ३ डीबी, पण पीए (पॉवर ॲम्प्लिफायर) खूपच थंड राहतो.

‘ट्यून केलेला ड्युप्लेक्सर’ हा आधीच्या मालकाच्या फ्रिक्वेन्सीवर ट्यून केलेला असतो. तो तुमच्या जोडीवर, उदाहरणार्थ ४६२.५५०/४६७.५५०वर, पुन्हा ट्यून करावाच लागतो. साध्या नॅनोव्हीएनएची (फिल्टर मोजायचं स्वस्त, छोटं उपकरण) डायनॅमिक रेंज ३०० मेगाहर्ट्झच्या वर अपुरी पडते. ८० डीबीचा नॉच तिच्या स्वतःच्याच नॉइजमध्ये बुडतो आणि नॉच जागेवर बसला की नाही हे कळतच नाही. हे काम टू-वे रेडिओच्या दुकानात चांगल्या ॲनालायझरवर करून घ्या. विकत घेतलेल्या नव्या संचालाही हेच लागू आहे.

केबलवर बरेच जण घसरतात. एलएमआर-४०० या लोकप्रिय केबलमध्ये ॲल्युमिनियमची फॉइल आणि तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात आणि ड्युप्लेक्समध्ये (एकाच वेळी पाठवताना आणि ऐकताना) खरखर सुरू होते. आतल्या जंपरला (छोट्या जोडकेबलला) आरजी-२१४ केबल आणि अँटेनापर्यंत वर जाणाऱ्या लाइनला अर्धा इंची हेलिअॅक्स केबल वापरा.

मग डिसेन्स (स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होणं) तपासा. हँडसेट इतका दूर न्या, की रिपीटरच्या मॉनिटर स्पीकरवर आवाज खरखरीसकट जेमतेम येईल. मग रिपीटरचा ट्रान्समीटर चालू करा. खरखर वाढली किंवा स्क्वेल्चने (कमकुवत सिग्नलला आवाज बंद करणारं सर्किट) आवाज तोडला तर डिसेन्स आहे. हीच चाचणी सिग्नल जनरेटर आणि कपलर (तो सिग्नल लाइनमध्ये सोडणारा जोड) लावून डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रोधक) करा. तिथेही दोष दिसला तर तो ड्युप्लेक्सर, जंपर किंवा यंत्रात आहे. फक्त अँटेनावर दिसला तर लाइन, कनेक्टर, अँटेना आणि आजूबाजूचं गंजलेलं लोखंड बघा.

भारतातल्या वाचकांनी हे तिथे लावू नये. जीएमआरएस ही सेवा भारतात नाही.

तुमच्याकडच्या चिनी संचावर १२ डीबी सिनॅडला (आवाज आणि गोंगाट यांच्या प्रमाणाचं माप) ट्रान्समीटर बंद आणि चालू असतानाची संवेदनशीलता मोजून कळवा. १ डीबीच्या आत फरक आला तर ते मॉडेल मी इथे आनंदाने सुचवेन.