ब्राउझर सोर्समधून बिल्ड करण्याची गरज का पडली: एक स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: वेबसाइट स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तपासून हवी होती, पण आम्ही तयार मिळणारा फायरफॉक्स ब्राउझर वापरायचा सोडून तो सोर्समधून (मूळ कोडमधून) स्वतः बिल्ड करत बसलो, त्यात दिवस गेले, आणि शेवटी दोष तुमच्याच पानात निघाला. शिवाय ऑटोमॅटिक टूलमध्ये ते पान पास झालं होतं. हाच प्रश्न इतरांनाही पडू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तपासणी नेहमीच्या, डाउनलोड केलेल्या फायरफॉक्सवरच सुरू झाली. आमच्या टेस्टर स्वतः दृष्टिहीन आहेत आणि दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवरच काम करतात. त्यांनी तुमचा फॉर्म भरला, मोबाइल नंबर मुद्दाम रिकामा ठेवला आणि सबमिट दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत ‘मोबाइल नंबर भरा’ असं उमटलं. कानावर मात्र आलं ‘पूर्ण नाव’ आणि त्यांनी आधी टाइप केलेलं नाव. बाकी काही नाही. पुन्हा सबमिट, पुन्हा तेच. डोळ्यांनी पाहणाऱ्याला चूक कुठे आहे ते लगेच कळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ‘फॉर्म सबमिटच होत नाही’ ही तुमच्या ग्राहकाची मूळ तक्रार याच जागेवरची होती.

इथपर्यंत फारसा वेळ लागला नाही. घोडं अडलं ते पुढे. तुमच्या डेव्हलपरचं म्हणणं होतं की चूक दाखवणाऱ्या चौकटीला एरिया-लाइव्ह (मजकूर बदलला की तो वाचून दाखवा, असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) लावलेलं आहे, दुसऱ्या ब्राउझरवर संदेश ऐकूही येतो, म्हणजे बग फायरफॉक्सचा. त्यांची शंका रास्त होती. पण पुराव्याशिवाय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे बग नोंदवला असता, तर तिकडून ‘पानात पाहा’ असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. या टोलवाटोलवीत भरडला जातो तो फॉर्म भरणारा माणूस, आणि आम्हाला ते मान्य नाही.

पानावरचा संदेश कानापर्यंत पोचताना मध्ये बरेच टप्पे असतात. पानाच्या डॉमवरून (ब्राउझरच्या आतल्या पानाच्या रचनेवरून) ब्राउझर ॲक्सेसिबिलिटी ट्री, म्हणजे स्क्रीन रीडरसाठीचा पानाचा आराखडा, तयार करतो. फायरफॉक्समध्ये हे काम पानाच्या प्रोसेसमध्ये (पान चालवणाऱ्या वेगळ्या भागात) होतं आणि माहिती मुख्य प्रोसेसकडे जाते. मे 2023 मध्ये आलेल्या 113 व्या आवृत्तीपासून मुख्य प्रोसेस ही माहिती स्वतःजवळ साठवून ठेवते, त्यामुळे स्क्रीन रीडरच्या प्रत्येक प्रश्नासाठी पानाच्या प्रोसेसकडे धाव घ्यावी लागत नाही. तिथून ऑपरेटिंग सिस्टिमच्या एपीआयमार्फत (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलता यावं म्हणून दिलेल्या सोयीमार्फत) इव्हेंट, म्हणजे ‘इथे काही बदललं’ अशा सूचना, स्क्रीन रीडरला मिळतात. संदेश यातल्या कोणत्या टप्प्यावर हरवला, हा खरा प्रश्न होता. डेव्हलपर टूल्समधलं ॲक्सेसिबिलिटी पॅनेल ट्री दाखवतं, पण क्षणात घडून गेलेल्या इव्हेंटचा क्रम दाखवत नाही. बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या साधनांना ब्राउझरमधून काय बाहेर पडलं ते कळतं. आत काय अडकलं आणि का, ते कळत नाही.

फायरफॉक्सचा सोर्स खुला आहे, म्हणून आत जाता आलं. ट्रीमध्ये नवा नोड (पानावरच्या एका घटकाची नोंद) तयार होतो त्या जागी आणि इव्हेंट रवाना होतो त्या जागी आम्ही लॉगच्या, म्हणजे काय घडलं ते टिपून ठेवणाऱ्या, ओळी घातल्या. हा भाग सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, त्यामुळे आर्टिफॅक्ट बिल्डचा जवळचा रस्ता उपयोगाचा नव्हता: त्यात हा भाग आधीच कंपाइल केलेला (चालवण्याजोगा करून ठेवलेला) येतो आणि तुम्ही केलेला बदल त्यात उतरत नाही. पूर्ण बिल्डच लागला. पहिला बिल्ड वेळखाऊ असतो, नंतर फक्त बदललेला भाग कंपाइल होतो. दोष शोधण्यासाठीचा डीबग बिल्ड संथ चालतो, आणि संथ ब्राउझरवर दोन इव्हेंटमधलं अंतर बदलतं. इथे तर सगळं त्या अंतरावरच अवलंबून होतं, म्हणून वेगळा, नेहमीच्या वेगाने चालणारा ऑप्टिमाइझ्ड बिल्डही करावा लागला. तुम्हाला जे दिवस वाया गेल्यासारखे वाटले, ते यात गेले.

लॉगमध्ये चित्र स्वच्छ दिसलं. चौकट आधी लपवलेली, त्यामुळे ट्रीमध्ये तिचा नोडच नव्हता. चूक होताच ती मजकुरासकट प्रकट झाली, नोड तयार झाला, इव्हेंट बाहेर पडला. फायरफॉक्सने आपलं काम केलं होतं. पण लगेच तुमच्या स्क्रिप्टने (पानातल्या कोडने) फोकस, म्हणजे टाइप करण्याची जागा, पहिल्या रकान्यावर, ‘पूर्ण नाव’वर नेला. फोकस हलला की एनव्हीडीए चालू बोलणं तोडून नव्या जागेचं नाव सांगतो, आणि त्यात संदेश गेला. पानाच्या प्रतीतून फोकस हलवणारी ती एक ओळ काढली, तर आमच्या बिल्डवर आणि डाउनलोड केलेल्या फायरफॉक्सवरही संदेश पूर्ण ऐकू आला.

ऑटोमॅटिक टूल लेबल, रंगांतला फरक, ॲट्रिब्यूट तपासतं. ते ऐकत नाही.

‘दोष तुमच्याच पानात’ हे वाचून वाईट वाटलं असेल, पण माझ्या मते ही तुमच्या फायद्याची बातमी आहे. बग ब्राउझरचा असता तर दुरुस्तीची आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या अपडेटची वाट पाहावी लागली असती. आता सगळं तुमच्या हातात आहे. चौकट सुरुवातीपासून पानात रिकामी ठेवा आणि चूक झाली की फक्त मजकूर भरा. फोकस न्यायचाच तर चुकलेल्या रकान्यावर न्या, त्याला एरिया-इनव्हॅलिड (इथे चूक आहे, ही खूण) लावा आणि एरिया-डिस्क्राइब्डबाय या खुणेने संदेश त्याच्याशी जोडा. म्हणजे रकान्याच्या नावापाठोपाठ चूकही वाचली जाते.

प्रत्येक कामात आम्ही ब्राउझर बिल्ड करत नाही, बहुतेक वेळा गरजच पडत नाही. पान आणि ब्राउझर एकमेकांकडे बोट दाखवू लागले, की मात्र अंदाजपंचे अहवाल देणं मला पटत नाही.

लॉगमधल्या संबंधित ओळी अहवालाच्या शेवटी आहेत. तुमच्या डेव्हलपरना हवं असेल तर आमच्या टेस्टर आणि मी त्यांच्यासोबत बसून त्या ओळी समजावून सांगू. बदल केल्यावर कळवा. बिल्ड तयारच आहे. तोच फॉर्म, तोच मोबाइल नंबर रिकामा ठेवून पुन्हा तपासू. त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.