परवानगी मिळाली, महायुद्ध पेटलं नाही

युक्रेनचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ‘पाश्चात्त्य देशांनी दिलेली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं रशियाच्या आत डागायची मुभा दिली, की नाटो थेट युद्धात उतरली आणि तिसरं महायुद्ध ठरलेलं. तशीही ती युक्रेनचे सैनिक चालवत नाहीत, नाटोचीच माणसं चालवतात. दुसऱ्या देशाच्या हद्दीत मारा करणं बेकायदा आहे. आणि एवढं करून उपयोग शून्य, कारण रशियाने विमानं कधीच मागे नेलीत.’ यातला शेवटचा दावा खरा असेल तर पहिल्याला घाबरायचं कारण उरत नाही, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. निरुपयोगी शस्त्रापायी महायुद्ध कोण करेल?

आधी महायुद्धाचं बघू. हा धाक मुळात पुतिन यांचा. 12 सप्टेंबर 2024 ला ते म्हणाले, की अशी परवानगी दिली तर नाटो देश रशियाशी युद्धात आहेत असाच त्याचा अर्थ होईल. पुढे काय झालं? 17 नोव्हेंबरला तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांनी एटॅकम्स या लांब पल्ल्याच्या अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या रशियातल्या वापराला होकार दिल्याच्या बातम्या आल्या. 19 ला ती रशियाच्या ब्रियान्स्क प्रांतात काराचेवजवळच्या दारूगोळ्याच्या कोठारावर डागली गेली. त्याच दिवशी पुतिन यांनी अण्वस्त्र वापराच्या सुधारित धोरणावर सही केली. 20 ला रशियाच्याच कुर्स्क प्रांतात ब्रिटिश स्टॉर्म शॅडो क्षेपणास्त्रं पडली. 21 ला रशियाने नीप्रो शहरावर ओरेश्निक हे नवं क्षेपणास्त्र टाकलं. त्यात अण्वस्त्र नव्हतं. शिवाय डागण्याआधी अर्धा तास अमेरिकेला सूचना गेली होती, अणुधोका टाळण्यासाठी दोघांमध्ये जो ठरलेला संपर्कमार्ग आहे त्यावरून. हे क्रेमलिननेच सांगितलं. गैरसमजातून भडका उडू नये म्हणून इतकी काळजी घेणारा माणूस धमकी आणि कृती यांतलं अंतर नीट ओळखून असतो.

प्रत्युत्तर आलंच नाही असं नाही. ते आलं, पण नाटोच्या भूमीवर नाही, युक्रेनच्याच डोक्यावर. एकदा भडका उडाला नाही म्हणजे कधीच उडणार नाही, असंही मी म्हणत नाही. अण्वस्त्रधारी देशाबद्दल तशी हमी देणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं. पण ‘ठरलेलं’ हा शब्द खोटा पडला, एवढं नक्की.

खरं तर तो आधीच खोटा पडला होता. क्रिमिया हा रशियाने 2014 मध्ये बळकावलेला युक्रेनचा द्वीपकल्प; रशियाच्या राज्यघटनेनुसार मात्र तो रशियाचाच. 13 सप्टेंबर 2023 ला तिथल्या सेव्हास्तोपोल बंदराच्या सुक्या गोदीत उभी असलेली ‘मिन्स्क’ युद्धनौका आणि ‘रोस्तोव्ह-ना-दोनू’ पाणबुडी यांच्यावर क्षेपणास्त्रं पडली. 22 तारखेला त्याच शहरातलं रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याचं मुख्यालय फुटलं. म्हणजे मॉस्कोच्या व्याख्येनुसार ‘रशियाच्या आत’ पाश्चात्त्य क्षेपणास्त्रं परवानगीच्या वादाआधी वर्षभर पडत होती. लाल रेघ होती, पण ती आखणाऱ्याच्या सोयीने सरकत होती.

नाटोची माणसं चालवतात, या दाव्यात मात्र तथ्याचा अंश आहे, तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. स्टॉर्म शॅडो तोफगोळ्यासारखं दिशा धरून सोडून देता येत नाही. ते युक्रेनच्या जुन्या सुखोई-24 विमानाखालून सुटतं, जमिनीलगत उडतं, खालचा भूभाग साठवलेल्या नकाशाशी ताडत जातं आणि अखेरीस समोरचं लक्ष्य आधी भरलेल्या चित्राशी जुळवून त्यावर आदळतं. ही सगळी माहिती उड्डाणापूर्वीच भरावी लागते, आणि त्यात मित्रदेशांची मदत लागते. पण मग ती सेव्हास्तोपोलवर मारा करतानाही लागलीच असणार. तेव्हा जे युद्ध नव्हतं ते कुर्स्कमध्ये युद्ध कसं ठरतं? शिवाय कोरियाच्या युद्धात सोव्हिएत वैमानिक स्वतः मिग-15 मध्ये बसून अमेरिकी विमानांशी लढले. वॉशिंग्टनला ते कळत होतं, मॉस्को कबूल करत नव्हतं, आणि दोघांनीही ते वाढू दिलं नाही. व्हिएतनाममध्ये 1965 साली अमेरिकी विमानं पाडणाऱ्या क्षेपणास्त्र तुकड्यांत सोव्हिएत सैनिक होते. तिथे माणसं पाठवली तरी महायुद्ध झालं नाही. इथे तर भरलेल्या नकाशांवरून ते पेटणार म्हणे.

बेकायदापणाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 51 आक्रमण झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा हक्क देतं आणि हल्लेखोराच्या सीमेपाशी थांबायला सांगत नाही. लक्ष्य लष्करी हवं, मारा प्रमाणात हवा, बस.

राहिला ‘उपयोग शून्य’. इथे थोडं थांबायला हवं.

युक्रेनचं खार्किव शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम 30 किमी. पलीकडच्या रशियन बेल्गोरोड प्रांतातून सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटभराच्या आत येऊन पोचतं, म्हणून तिथे कित्येकदा आधी स्फोट ऐकू येतो आणि मग भोंगा. 10 मे 2024 ला रशियाने या प्रांतात नवी आघाडी उघडली. सैन्य सीमेपलीकडे गोळा होत होतं, ते दिसत होतं, युक्रेनच्या हातात हायमार्स हे अमेरिकी रॉकेट लाँचर होते. पण सीमेपलीकडे डागायची मुभा नव्हती. 23 मेला खार्किवमधल्या एका मोठ्या छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. पुस्तकं छापणारे सात कामगार मेले. मे संपता संपता अमेरिकेने खार्किवपुरती मर्यादित परवानगी दिली, आणि जूनच्या सुरुवातीला बेल्गोरोड प्रांतात एस-300 या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांचा तळ उद्ध्वस्त झाला.

विमानं मागे गेली हे खरंच. सप्टेंबरात अमेरिकेचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनीही हेच कारण पुढे केलं. पण ती गेली का? परवानगी द्यावी की नाही याची चर्चा महिनोन्महिने जगजाहीर चालली होती म्हणून. याउलट 17 ऑक्टोबर 2023 ला युक्रेनमधल्या रशियाव्याप्त बेर्दियान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर एटॅकम्स पहिल्यांदा पडली, तेव्हा कुणाला चाहूल नव्हती आणि हेलिकॉप्टरं उघड्यावर उभी होती. एटॅकम्स 300 किमीपर्यंत जातं. आधीपासून बोभाटा झाला तर त्याच्यासमोर विमान उरत नाही. कोठारं मात्र उडून जात नाहीत. रशियातल्या तोरोपेत्सचं अवाढव्य शस्त्रकोठार युक्रेनच्या सीमेपासून जवळपास 500 किमीवर. 18 सप्टेंबर 2024 ला ते युक्रेनने घरच्याच ड्रोननी पेटवलं, कुणाची परवानगी न विचारता.

उलट बाजूचे उत्साही लोकही मला पटत नाहीत. वेळेवर मुभा दिली असती तर युद्ध जिंकलं असतं, असं ते म्हणतात. मिळालेली क्षेपणास्त्रं इतकी मोजकी होती, की प्रत्येक लक्ष्यासाठी हात आखडावा लागे.

ऑक्टोबर 2025 मध्ये युक्रेनने मागितलेल्या टॉमहॉक या लांब पल्ल्याच्या अमेरिकी क्षेपणास्त्रावरून हाच मजकूर पुन्हा फिरला, फक्त क्षेपणास्त्राचं नाव बदलून. पुतिन यांनी तणाव वेगळ्याच पातळीवर जाईल असं बजावलं, आणि 17 तारखेला झेलेन्स्की व्हाइट हाउसमधून रिकाम्या हाताने परतले. महायुद्धाच्या त्या गदारोळात साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. टॉमहॉक मुख्यतः युद्धनौकेवरून नाहीतर पाणबुडीतून सुटतं. युक्रेनकडे तशी युद्धनौका नाही, पाणबुडी नाही, आणि जमिनीवरून ते डागणारे टायफॉन लाँचर खुद्द अमेरिकेकडेच मोजके आहेत.