दिव्यांची माळ दिवेलागणीला लागावी, उजाडल्यावर विझावी, एवढंच पाहिजे होतं!

आमच्या गॅलरीत प्लग नाही. तुळशीपाशी सेलवरची एलईडीची माळ लावलीय, तीन पेन्सिल सेलची. आई तिन्हीसांजेला चालू करते, पण बंद करायचं राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात माळ जळतच असते. मीटर लावून बघितलं, ६० मिलिअँपिअर घेते. चांगला अल्कलाइन सेल धरला २००० मिलिअँपिअर-तासांचा, तरी तेहेतीस तासांत खेळ खलास. डबा भरलाय रिकाम्या सेलनी!

अरे, बागेत खुपसायचा फडतूस सोलर दिवासुद्धा अंधार पडला की आपोआप लागतो. मग माळ बनवणाऱ्यांना चार रुपयांचा एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रोध कमी होणारा सेन्सर, टाकायला काय होतं? ग्राहकाने सेल विकत घेत राहावं, दुसरं काय!

म्हटलं, आपणच बसवू. डबीचा स्क्रू स्टिकरखाली लपवलेला, आणि तो इतक्या हलक्या धातूचा की पहिल्याच पिळात खाच गुळगुळीत. आतली तार केसाएवढी, वर लॅकर. ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जरा जोरात खरवडलं की तार तुटते. तीनदा तुटली.

आणि ते व्हिडिओवाले! सगळ्यांचं तेच सर्किट: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलडीआर आणि १ के चा, म्हणजे हजार ओमचा, रेझिस्टर. मोबाईलचा टॉर्च एलडीआरवर एका इंचावर धरतात, माळ विझते, "बघा मित्रांनो!" टॉर्च कशाला धरता? गॅलरीत ठेवून दाखवा ना! १ के असला तर एलडीआर दोनशे ओमच्याही खाली उतरल्याशिवाय ट्रान्झिस्टर बंद होत नाही, आणि सावलीत तो काही हजार ओमवर असतो. म्हणजे माझी माळ दिवसभर चालूच. ढगाळ दिवसाचं तर बोलायलाच नको. बरं, कडक उन्हात विझली तरी त्या १ के मधून साडेचार मिलिअँपिअर वाहतच राहतात. हे एकानेही सांगितलेलं नाही.

१ के च्या जागी १०० के लावला. आता माळ विझते वेळेवर, पण रात्री काजव्याएवढी मिणमिणते, कारण ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, पुरेसा करंट मिळत नाही. इथे करंटवर नाही तर व्होल्टेजवर उघडणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेटच पाहिजे, तोही लॉजिक लेव्हलचा, कमी व्होल्टेजवर पूर्ण उघडणारा. हे कळायला माझे दोन रविवार गेले.

पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. चिठ्ठीवर मॉस्फेटचा नंबर स्वच्छ लिहून दिला होता, आयआरएलझेड ४४ एन. काउंटरवरच्याने पुडी बांधून दिली. घरी येऊन बसवला, माळ झक्क लागली, सकाळी आपोआप विझली. आई इतकी खूश! तिसऱ्या संध्याकाळी माळ गप्प. सेल काढून थेट जोडले तर लख्ख उजेड. भिंग घेऊन त्या काळ्या तुकड्यावरची अक्षरं वाचली, तर एल च्या जागी एफ! आयआरएफझेड ४४ एन. त्याला उघडायलाच दोन ते चार व्होल्ट लागतात, पूर्ण उघडायला दहा धरतात. नवे सेल होते तोवर चालला, जरा उतरले की बसला.

फोन केला तर म्हणे, "साहेब, एकच असतं हो ते." एकच कसं असेल? एका अक्षराने माल बदलतो, आणि तू दिवसभर तोच विकायला बसलायस! नसेल तर नाही म्हण, मी दुसऱ्या दुकानात जाईन. हातात चिठ्ठी असताना भलतंच बांधून द्यायचं आणि वर गिऱ्हाइकालाच शिकवायचं.

आज आई परत स्टुलावर चढून माळेचं बटण दाबत होती. बहात्तर वर्षांची आहे ती. उद्या अर्धी रजा टाकतोय, भिंग खिशात घेऊन जाणार, आणि एल वाचल्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही.