येतं सहसा

आज सकाळी चहा घेताना मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात आली. लग्न ठरलंय? तासाभरात कौमार्य परत, कुणाला कळणार नाही. वर मेंदीचा हात, खाली फोन नंबर. म्हणजे पहिल्या रात्री रक्त यावं म्हणून ऑपरेशन करून योनीच्या तोंडाशी टाके घालणं. डोकंच फिरलं माझं.

एकदम आमच्या ऑफिसातली ती पोरगी आठवली (तिला विचारूनच लिहितेय). लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, मला म्हणाली, ताई, दवाखान्यात सोबत याल का, आईला सांगता येत नाही. गेले. फाईल छातीशी इतकी घट्ट धरलेली की कोपरे दुमडले होते, पर्समध्ये स्कूटीसाठी साठवलेले पैसे. आत गेल्यावर तिने एकच विचारलं, रक्त येईल ना नक्की? डॉक्टर मान वर न करता म्हणाले, येतं सहसा.

सहसा!! एवढ्यावर त्या पोरीने सही केली.

अहो कौमार्याचा पडदा म्हणतात ना, मुळात त्याला पडदा म्हणणंच चूक आहे, तिथे काही बंद नसतं, असतं तर पाळी कुठून आली असती? योनीच्या तोंडाशी कडेने असलेली पातळ, ताणली जाणारी घडी आहे ती, कुणाची जाड, कुणाची नावापुरती, आणि पहिल्या वेळी कित्येकींना रक्त येतच नाही. तपासून कुणीही सांगू शकत नाही की या मुलीचा संबंध आलाय की नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलंय की कौमार्य चाचणीला काही वैद्यकीय आधार नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला म्हणून आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने 2019 मध्ये हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. तरी दुकान चालूच.

ऑपरेशन म्हणजे काय, तर जागेपुरती भूल, कडा जरा कापून विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडायच्या, त्याच दिवशी घरी. पण नीट भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि हिचं लग्न तीन आठवड्यांवर! कुणी बोललं तिच्याशी यावर? इन्फेक्शन होऊ शकतं, टाके उसवू शकतात, व्रण राहिला तर पुढे संबंधाच्या वेळी दुखू शकतं, आणि एवढं सोसूनही रक्त येईलच अशी खात्री कुठलाच सर्जन देऊ शकत नाही. तब्येतीला तर काडीचा फायदा नाही.

ब्रिटनमध्ये 2022 पासून कौमार्य चाचणी आणि हे ऑपरेशन दोन्ही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. इथेही बंदी आणा असं लिहायलाच बसले होते. मग कंजारभाट समाजातल्या मुली डोळ्यासमोर आल्या. पहिल्या रात्री पांढरी चादर, तिच्यावर रक्ताचा डाग पडला का ते बघायला बाहेर जातपंचायतीचे पंच. 2018 मध्ये त्याच समाजातली पोरं याविरुद्ध उभी राहिली तर पिंपरीत त्यांना मार खावा लागला, पुढच्या वर्षी सरकारने ही चाचणी लैंगिक अत्याचार धरू असं जाहीर केलं तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. अशा घरातली एखादी मार चुकवायला टाके घालून घेत असेल तर तिला नको म्हणणारी मी कोण. ठीक आहे, एवढं मान्य.

पण आमच्या या पोरीच्या दारात कुठले पंच होते हो? मुलगा इंजिनिअर, घरचे शिकलेले. साखरपुड्यानंतर त्याने फोनवर फक्त एकदा विचारलेलं, तू तशी नाहीस ना. बस. त्या चार शब्दांपायी हिची स्कूटी गेली, झोप गेली, आणि त्याला मात्र कुणी काहीच विचारलं नाही, त्याच्या आईनेही नाही, माझ्यासारख्या ताईनेही नाही. याचा मला आजही राग येतो, माझाही येतो.

बायांनो, कुणी या वाटेला निघालीच असेल तर मी ओरडणार नाही गं. फक्त एकटी जाऊ नकोस. आणि टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरांना विचार, भरायला किती दिवस, टाके उसवले तर काय, रक्त नाही आलं तर काय. उत्तर "सहसा" असेल तर फाईल उचल आणि बाहेर ये.

तिने मात्र केलं. दोन महिन्यांनी कँटीनमध्ये डबा खाताना हळूच म्हणाली, ताई, आलंच नाही. म्हटलं, मग? म्हणाली, त्याने चादर बघितलीच नाही, झोपून गेला. मीच रात्रभर जागी होते.