शालीपेक्षा बाकावरची जागा बरी

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात निवृत्त शिक्षकांना व्यासपीठावर बसवून त्यांचा सत्कार करावा, ही एका लेखात वाचलेली सूचना सद्भावनेची असली, तरी स्वतः निवृत्त शिक्षक असल्याने मला ती पुरती पटली नाही. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार (म्हणजे अकरावीऐवजी दहावीनंतर) दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्या तुकडीला मी गणित शिकवत होतो. तिच्या मेळाव्यात दोन तास खुर्चीवर बसून मी भाषणे ऐकली. खरी भेट झाली ती पंगतीत. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेला एक विद्यार्थी पानातली जिलेबी बाजूला सारत म्हणाला, "सर, त्या वर्षी सरावाला जुन्या प्रश्नपत्रिकाच नव्हत्या, तरी तुम्ही एवढे निर्धास्त कसे होतात?" नवी पुस्तके आमच्याही हाती नुकतीच पडली होती आणि दुसऱ्या दिवशीची उदाहरणे मी आदल्या रात्री सोडवून पाहत असे, ही कबुली त्याला पन्नास वर्षांनी दिली. (त्याला गणितात ३५ गुण होते, हेही त्यानेच हसत सांगितले.) संयोजकांनी भाषणे अर्ध्या तासात आटोपून आम्हाला वर्गातल्या बाकांवर विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवावे, शाली घरी चार आहेतच.