‘२१ दिवसांत गोळ्या सुटतील’ : एका संदेशाचा प्रतिवाद

ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येणारा एक लांबलचक संदेश तुम्हीही वाचला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आजार बाहेरून येत नाहीत, चुकीच्या राहणीमुळे आणि अशांत मनामुळे आपणच ते ओढवून घेतो. साचलेली विषद्रव्यं बाहेर काढा, शरीर अल्कधर्मी (अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट) ठेवा, जे काही घ्याल ते नैसर्गिकच घ्या. २१ दिवस एवढं केलंत की बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील आणि कॅन्सर जवळ फिरकणार नाही.

झोप, व्यायाम, आहार, मनाचं स्वास्थ्य आणि माणसांचा सहवास यांचा एकत्र विचार व्हायला हवा, याबद्दल माझं जराही दुमत नाही. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेही केवळ रोग नसणं म्हणजे आरोग्य मानलेलं नाही; शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती त्यात धरली आहे. म्हणूनच हा संदेश डिलीट करून गप्प बसवत नाही. त्यातला प्रत्येक दावा कुठल्या तरी खऱ्या गोष्टीचा हात धरून येतो, आणि त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी उद्या सकाळची गोळी घ्यायचं टाळणार आहे.

‘आजार आपणच ओढवून घेतो’

सगळ्यात जास्त संताप येतो तो या वाक्याचा. टाइप १ मधुमेह घ्या. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. पुष्कळदा हा आजार लहान मुलांना होतो. त्या मुलाने कसली चुकीची जीवनशैली जगली?

इन्सुलिन हाती येण्याआधी या मुलांवर एकच उपाय होता : अन्न जवळजवळ तोडायचं. जिवंत राहण्यापुरतं मोजूनमापून खायला द्यायचं आणि लघवीतली साखर तपासत राहायचं. पथ्य म्हणून याहून कडक काही असू शकत नाही. मुलं हाडांचा सापळा होत, काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं जास्त काढत आणि शेवटी जात. जानेवारी १९२२मध्ये टोरंटोच्या एका रुग्णालयात १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. पहिल्या वेळी औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि त्याची साखर उतरली. तो मुलगा पुढे आणखी १३ वर्षं जगला. जे कडकातल्या कडक पथ्याने साधलं नव्हतं, ते त्या औषधाने साधलं.

कॅन्सरचंही तसंच. तंबाखू आणि दारूपासून दूर राहणं, वजन आटोक्यात ठेवणं, लस घेणं यांसारख्या उपायांनी ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा प्रचंड मोठा आहे, तो घसा ताणून सांगायला हवा. पण मग उरलेल्यांचं काय? आयुष्यभर नीट राहिलेल्या बाईच्या हातात कॅन्सरचा रिपोर्ट येतो, तेव्हा हा संदेश तिला आपली चूक शोधायला लावतो. चूक सापडत नाही, म्हणून ती लाजते. लाजून गप्प राहते, आणि उपचाराचे महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

‘मन शांत असेल तर शरीर आजारी पडत नाही’

मनाचा शरीरावर परिणाम होतोच. माणसांच्या सोबतीचाही होतो : २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. एकटेपणा ही आरोग्याची समस्या आहे, हे मी तरी मनापासून मानते.

पण ‘होतोच’पासून ‘फक्त त्यानेच होतो’पर्यंत उडी मारली की काय घडतं, त्याचं उदाहरण जठरातल्या अल्सरचं आहे. कित्येक दशकं अल्सर म्हणजे ताणतणावाचा आणि तिखट खाण्याचा आजार, अशीच समजूत होती. रुग्णांना शांत राहा, चिंता सोडा, असं सांगितलं जाई. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे बोट दाखवलं, तेव्हा फारसं कुणाला पटेना. १९८४ साली मार्शल यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन पाहिलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. आज बहुतेक अल्सरच्या मुळाशी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे माहीत आहे, आणि जिवाणूमुळे झालेला अल्सर ॲंटिबायोटिकच्या कोर्सने बरा होतो. तोवर कितीतरी माणसं आपल्याला मन आवरता येत नाही म्हणून पोट दुखतं, असं समजत राहिली.

‘विषद्रव्यं काढा, शरीर अल्कधर्मी ठेवा’

यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत शरीरात घेतात आणि दीडेक लिटर लघवी बाहेर टाकतात. जोडीला यकृत आहे. हे अवयव बिघडले तर डायलिसिस लागतं, प्रत्यारोपण लागतं. तिथे कुठला रस पुरा पडत नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. अल्कधर्मी पाणी प्यायलं तर ते आधी जठरातल्या तीव्र आम्लात जाऊन पडतं.

कॅन्सर आम्लधर्मी शरीरातच वाढतो, हे सिद्ध केल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना नोबेल मिळालं, असंही संदेशात असतं. त्यांचं १९३१चं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एंझाइमवरच्या कामासाठी होतं. गाठीच्या आसपास आम्लता असते खरी, पण ती गाठीतल्या पेशीच लॅक्टिक आम्ल तयार करतात म्हणून.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही’

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये वनस्पतींची पावडर असलेल्या कॅप्सूल दिल्या जात. त्यात एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली. एरवी धडधाकट असलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊ लागली. अनेकींना डायलिसिसवर जावं लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्या वनस्पतीतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल आज माणसात निश्चितपणे कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. ते शंभर टक्के नैसर्गिकच होतं.

वनस्पतींत औषधी गुण असतात, म्हणूनच त्यांचे दुष्परिणामही असतात. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करू शकते. तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना नावानिशी सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

‘२१ दिवसांत गोळ्या सुटतील’

जीवनशैलीत किती ताकद आहे, हे संदेश लिहिणाऱ्याला माहीतच नाही. ती मोजली गेलेली आहे. अमेरिकेत रक्तातली साखर वाढलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या ३,२३४ लोकांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं ठरलं. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध दिलं. नकली गोळीच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण औषधाने ३१ टक्क्यांनी घटलं, जीवनशैलीने ५८ टक्क्यांनी.

गोळ्या सुटूही शकतात. ब्रिटनमध्ये निदान होऊन ६ वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना काबूत होता. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्के राहिला. तिथे औषधं थांबवली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि साखर किंवा रक्तदाब वर गेला तर ती पुन्हा कधी सुरू करायची, हे आधीच ठरलेलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांना एवढं करूनही ते जमलं नाही. ती माणसं आळशी होती, असं म्हणण्याची माझी हिंमत होणार नाही.

संदेशातून वगळलं जातं ते हेच मोजमाप. तीन आठवडे नीट झोपून, चालून माणसाला हलकं वाटायला लागतं आणि तो ठरवतो, आता गोळीची गरज नाही. पण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ याचा त्याच्याशी संबंध नसतो. काही औषधं अचानक तोडणं तर थेट धोक्याचं आहे : बीटा-ब्लॉकर ही रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधं एकदम बंद केल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि फिट्सच्या गोळ्या किंवा दीर्घकाळ चाललेलं स्टिरॉइड बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

तेव्हा जीवनशैली बदलली असेल आणि बीपीची गोळी कमी व्हावी अशी इच्छा असेल, तर गोळी चालू ठेवून सात दिवस घरी बीपी मोजा. सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, प्रत्येक वेळी दोनदा. आकडे तारखेसह वहीत लिहा. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा : डोस उतरवता येईल का, किती उतरवायचा, आणि उतरवल्यावर पुन्हा कधी मोजायचं?