खुलासा : रोदँचा ‘कांस्ययुग’ हा पुतळा जिवंत माणसावरून साचा घेऊन केलेला नाही

‘रोदँने जिवंत माणसाच्या अंगावर प्लास्टर चढवून साचा काढला, परंपरा झुगारली आणि एका रात्रीत नाव कमावलं,’ असा मजकूर फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रोदँबद्दल फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

साच्याचा आरोप नवा नाही. ‘कांस्ययुग’ हा नग्न तरुणाचा पुतळा 1877 मध्ये ब्रुसेल्सला आणि मग पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, मांडला गेला, तेव्हाच तो झाला. रोदँला तो फार लागला. ओग्यूस्त नेत या बेल्जियन सैनिकाला समोर उभं करून त्याने वर्षभराहून अधिक काळ मातीत काम केलं होतं. पुराव्यासाठी त्याने नेतची छायाचित्रं काढून घेतली. शरीर आणि पुतळा शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. पुढे आल्फ्रेड बुशे या शिल्पकाराने त्याला मॉडेलशिवाय आकृती घडवताना पाहिलं, सहकारी शिल्पकारांनी त्याची बाजू लेखी मांडली आणि 1880 मध्ये फ्रेंच सरकारने पुतळा विकत घेतला. तेव्हा रोदँ चाळिशीला आला होता. एका रात्रीचं यश म्हणणं हा त्या कष्टांवर अन्याय आहे.

परंपरा झुगारल्याचं तर मुळीच खरं नाही. हा पुतळा चालू असतानाच तो मायकेलअँजेलो या जुन्या इटालियन शिल्पकाराची कामं पाहायला इटलीला गेला. गॉथिक कॅथीड्रलांवर, म्हणजे मध्ययुगीन शैलीतल्या मोठ्या चर्चवर, त्याने 1914 मध्ये पुस्तक काढलं. आणि आपल्याला जवळची गोष्ट : मद्रासच्या संग्रहालयातल्या चोळकालीन नटराजाची छायाचित्रं पाहून त्याने भारावून लेख लिहिला, तो 1921 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.